बेळगावातला इलियड वाचनवर्ग : चोवीस रविवारांनंतर

गेल्या जूनच्या पहिल्या रविवारी टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका जुन्या घराच्या माडीवर ग्रीक आणि ट्रॉय नगर यांच्या युद्धावरच्या, प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याचा मराठी वाचनवर्ग सुरू झाला आणि गणपती, दसरा व दिवाळीचे चार रविवार वगळून तो डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संपला. मी खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दर रविवारी सकाळच्या बसने बेळगावला जायचे, दहा ते साडेबारा वर्गात बसायचे आणि दुपारच्या बसने परतायचे, असा माझा सहा महिन्यांचा क्रम होता. पुढचा वर्ग येत्या जूनमध्ये सुरू होणार असल्यामुळे, त्यात नाव घालावे की नाही याचा विचार करणाऱ्यांसाठी हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

वर्ग चालवणारे सर निवृत्त प्राध्यापक आहेत. आपले नाव कुठेही छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते येथे देत नाही. शुल्क १,५०० रुपये होते. त्यात सरांनी स्वतः केलेल्या मराठी गद्य अनुवादाची स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत आणि मधल्या सुट्टीतला चहा यांचा समावेश होता. सुरुवातीला आम्ही एकोणीस जण होतो आणि शेवटच्या रविवारी पंधरा उरलो होतो. पद्धत साधी आहे. दर रविवारी एक सर्ग घ्यायचा, तो सगळ्यांनी आळीपाळीने मोठ्याने वाचायचा, शक्यतो काहीही गाळायचे नाही, आणि वाचून झाल्याशिवाय चर्चा करायची नाही. या शेवटच्या नियमाचा आरंभी मला जाच वाटला होता. पण तो नियम नसता तर हा वर्ग गप्पांचा अड्डा झाला असता, हे तिसऱ्या रविवारपर्यंत माझ्या लक्षात आले.

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला ट्रॉयच्या युद्धाविषयी जे काही ठाऊक असेल ते सांगायला लावले आणि सगळे फळ्यावर लिहून घेतले. लाकडी घोडा, ग्रीकांचा महावीर अकिलीस याची टाच, तीन देवींमध्ये टाकलेले सोन्याचे सफरचंद, जळणारे ट्रॉय, अशी यादी झाली. मग खडूने एकेक नोंद खोडत ते सांगत गेले. लाकडी घोडा इलियडमध्ये नाही. त्याचा उल्लेख होमरच्याच ‘ओडिसी’ या दुसऱ्या महाकाव्यात येतो आणि त्याची सविस्तर कथा रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनिड’च्या दुसऱ्या सर्गात आहे. टाचेची कथा होमरला माहीतच असल्याचे दिसत नाही, ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या लॅटिन कवीकडे सापडते. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने तीन देवींमध्ये सर्वांत सुंदर कोण याचा निवाडा केल्याचा ओझरता उल्लेख शेवटच्या सर्गात आहे, पण तिथे सफरचंद नाही. ट्रॉय जळताना दिसत नाही, आणि अकिलीसचे मरण अटळ आहे हे वारंवार सांगितले जात असले तरी प्रत्यक्ष तो मरत नाही. फळा जवळजवळ रिकामा झाला. मग त्यावर सरांनी एकच शब्द लिहिला : ‘कोप’.

हा शब्द त्यांनी का निवडला, यावर अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास मला सगळ्या वर्गाइतकाच मोलाचा वाटतो. काव्याचा मूळ ग्रीक भाषेतला पहिला शब्द आहे ‘मेनिन’. तो शब्द इलियडमध्ये प्रामुख्याने देवांच्या रोषासाठी येतो आणि माणसांमध्ये अकिलीसच्या वाट्याला येतो. मराठीत राग आहे, संताप आहे, क्रोध आहे. पण माणूस रागावतो आणि देव कोपतो, हा भेद आपल्या भाषेने आपल्यासाठी आधीच करून ठेवलेला आहे. शिवाय काव्य सुरू होते तेच साथीच्या रोगाने. अपोलो या देवाच्या पुजाऱ्याची मुलगी परत द्यायला ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन नकार देतो, पुजाऱ्याचा अपमान करतो, आणि अपोलो नऊ दिवस छावणीवर रोगाचे बाण सोडतो. गावात साथ आली की ‘देवीचा कोप झाला’ म्हणणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला हा आरंभ परका वाटत नाही. पुढे अगामेम्नॉन ती मुलगी परत करतो, पण भरपाई म्हणून अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री ब्रिसेइस हिसकावून घेतो. मानभंग झालेला अकिलीस युद्धातून बाजूला होतो. दहा वर्षांच्या युद्धातल्या दहाव्या वर्षातले पन्नासेक दिवस आणि हा एक कोप, एवढ्यावर पंधरा हजारांहून अधिक ओळींचे काव्य उभे आहे.

छंदाचा भाग सरांनी ज्या रीतीने समजावला, ती आमच्या मराठीच्या शिक्षकांनी जरूर उचलावी अशी आहे. इलियडची ओळ सहा चरणखंडांची असते आणि तिचा मूळ खंड म्हणजे एक गुरू व दोन लघू, म्हणजे आपला भगण. दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, त्यामुळे खंडाच्या अक्षरांची संख्या बदलते, पण मात्रा चारच राहतात. शेवटचा खंड मात्र दोनच अक्षरांचा असतो. म्हणून एका ओळीत कमीत कमी बारा आणि जास्तीत जास्त सतरा अक्षरे बसतात. हे वृत्त आपल्या अक्षरगणवृत्तांपेक्षा मात्रावृत्तांच्या जवळचे आहे, हे सरांनी टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवले. नंतर त्यांनी पहिल्या दहा ओळी ग्रीकमध्ये म्हटल्या. अर्थ कळत नसतानाही चाल पकडता आली, आणि पुढच्या आठवड्यात मी नववीच्या वर्गाला भगण शिकवताना मुलांना त्याच ठेक्यावर टाळ्या वाजवायला लावल्या.

दुसऱ्या रविवारी दोन जण गळाले, आणि ते मी समजू शकते. दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी आहे : २९ तुकड्या, १,१८६ जहाजे, कोणत्या गावाचे किती आणि नायक कोण. ही यादी पूर्ण वाचायची की नाही, असे सरांनी विचारले तेव्हा आमच्यातले मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब म्हणाले, “सर, हजेरी कधी गाळत न्हाईत. एक नाव गाळलं की त्या गावाचा माणूस आलाच न्हाई असं हुतंय.” मग पूर्ण वाचली. त्या रुक्ष दिसणाऱ्या यादीत प्रोटेसिलाउस भेटला. ट्रॉयच्या किनाऱ्यावर सगळ्यांआधी त्याने उडी मारली आणि सगळ्यांआधी तोच मारला गेला. मागे राहिली गाल ओरबाडून घेणारी बायको आणि अर्धे बांधलेले घर. यादी करताना कवी मध्येच त्या अर्धवट घराकडे पाहतो आणि पुढच्या गावाच्या जहाजांकडे वळतो. जोत्यापर्यंत आलेली आणि पुढे कधीच न उठलेली घरे आमच्या भागातल्या गावांत कितीतरी आहेत, आणि त्यातल्या काहींच्या मागची गोष्ट याच प्रकारची आहे.

मारल्या गेलेल्या प्रत्येकाला नाव, बाप, गाव आणि जमल्यास एखादी आठवण द्यायची, हा होमरचा रिवाज आहे. नावानिशी मरणारे दोनशेहून अधिक आहेत. सहाव्या सर्गात अक्सिलस नावाचा एक जण येतो. त्याचे घर रस्त्याला लागून होते आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचे तो आगतस्वागत करी. पण त्या दिवशी त्याच्या पंक्तीला जेवून गेलेल्यांपैकी एकही त्याच्यासमोर आडवा उभा राहिला नाही. ही तीन-चार ओळींची नोंद आहे. कोणत्याही संक्षिप्त आवृत्तीत ती राहणार नाही, आणि म्हणूनच काही न गाळता वाचण्याचा या वर्गाचा आग्रह मला योग्य वाटतो.

‘चपळ पायांचा अकिलीस’, ‘झळाळत्या शिरस्त्राणाचा हेक्टर’, ‘गुलाबी बोटांची पहाट’ अशी विशेषणे सतत का येतात, याचा उलगडा सरांनी चौथ्या रविवारी केला. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात फिरून गुस्ले या तंतुवाद्यावर वीरगीते गाणाऱ्या गायकांची ध्वनिमुद्रणे केली. त्यांतला आव्दो मेजेदोविच निरक्षर होता, आणि त्याने सांगितलेले एक गीत १२,००० ओळींहून मोठे भरले. असा गायक सगळे पाठ करत नाही. छंदात नेमके बसणारे तयार शब्दसमूह त्याच्या जिभेवर असतात आणि त्यांच्या आधाराने तो गाता गाता कथा रचत जातो. होमरची विशेषणे ही याच कारागिरीची खूण आहे, हे पॅरीने दाखवून दिले. तो १९३५ मध्येच, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारला, आणि त्याचे काम आल्बर्ट लॉर्ड या त्याच्या शिष्याने पुढे नेले. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावचा गोंधळी आला. रात्री अकराला संबळावर काठी पडली की तो पहाटेपर्यंत थांबत नाही. यजमानाच्या घराण्याचे नाव, गावाचे नाव, जमलेल्यांचा कंटाळा किंवा उत्साह पाहून तो कथा लांबवतो किंवा आवरती घेतो, पण चाल मोडू देत नाही. १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिलेल्या संगोळ्ळी रायण्णावरची कानडी गाणी गाणारे मेळेही मी जत्रांत ऐकलेले आहेत. तिथेही रायण्णाच्या नावामागे ठरलेली विशेषणे येतात आणि तेवढ्या वेळात गायक पुढची ओळ जुळवतो. मी हे वर्गात बोलून दाखवले तेव्हा सर म्हणाले, “बाई, पुढच्या वेळी हा भाग मी त्या गोंधळ्यांना बोलावूनच घेईन.” त्यांनी ते खरोखर करावे.

सहाव्या सर्गाचा रविवार हा या वर्गाचा कळस होता. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर लढाईतून थोडा वेळ शहरात येतो. त्याची बायको अँड्रोमकी त्याला वेशीपाशी भेटते. दाईच्या कडेवर त्यांचे तान्हे मूल आहे. तिचा बाप आणि सात भाऊ अकिलीसच्याच हातून मेलेले आहेत, आणि ती नवऱ्याला सांगते की, आता माझा बाप, माझी आई, माझा भाऊ आणि माझा नवरा, सगळे तूच आहेस. हेक्टर मुलाला घ्यायला हात पुढे करतो, तर मूल बापाच्या शिरस्त्राणावरच्या घोड्याच्या केसांच्या तुऱ्याला भिऊन रडत दाईच्या कुशीत शिरते. आईबाप दोघेही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग पोराला वर उचलतो. हा भाग वाचण्याची पाळी सुभेदारसाहेबांची आली होती. शिरस्त्राण खाली ठेवल्याच्या ओळीपाशी ते थांबले. काही वेळाने म्हणाले, “पोरगं बापाला भ्यालं न्हाई, टोपीला भ्यालं. मी पहिल्या सुट्टीला घरी आलो तवा माझं पोरगं मिशीला भिऊन चुलीमागं पळालं हुतं. तीन दिवस जवळ आलं न्हाई. चौथ्या दिवशी आलं, आणि पाचव्या दिवशी माझी सुट्टी संपली.” त्यांनी चष्मा पुसला आणि पुढे वाचू लागले. नियमाप्रमाणे मध्ये कोणी काही बोलले नाही. बेळगावच्या या पट्ट्यात लष्करात माणूस नसलेले घर शोधावे लागते. इलियड इथे वाचण्यात आणि दुसरीकडे कुठे वाचण्यात काय फरक पडतो, असे मला कोणी विचारले तर मी त्या दहा मिनिटांचे नाव घेईन.

सोळाव्या सर्गाच्या वेळी असाच एक धागा जुळला. ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिशियाचा राजा सार्पेडॉन हा प्रत्यक्ष देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या हातून त्याचे मरण ठरलेले आहे. झ्यूसला त्याला वाचवावेसे वाटते, पण त्याची राणी हेरा त्याला बजावते की, तू आपल्या मुलाला सोडवलेस तर उद्या प्रत्येक देव तेच करील. झ्यूस मान्य करतो आणि मुलासाठी रक्ताचे थेंब पृथ्वीवर पाडतो. सार्पेडॉन पडल्यावर अपोलो त्याचे शव नदीच्या पाण्याने धुतो आणि निद्रा व मृत्यू हे जुळे भाऊ ते उचलून लिशियाला नेतात. तिथे त्याचे भाऊबंद त्याच्यासाठी समाधी बांधतील आणि दगड उभा करतील, कारण मृतांचा तोच मान आहे, असे होमर म्हणतो. माझ्या गावात ईश्वराच्या देवळामागे एक वीरगळ आहे. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर आणि त्याच्यावर चालून येणारा घोडेस्वार, मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे, आणि सगळ्यात वर सूर्य-चंद्र. वर्षानुवर्षांच्या तेलाने खालची चौकट काळी पडली आहे आणि वीराचा चेहरा बोटांनी झिजून सपाट झाला आहे. त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिले. दोन बाजूंनी उचलून नेणाऱ्या त्या दोन आकृती मी लहानपणापासून पाहत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या हातांकडे पाहिले. त्या त्याला काखेत हात घालून उचलत आहेत, जसे आजारी माणसाला खाटेवरून उठवतात.

गोकाकहून येणाऱ्या एक अक्का वर्गात होत्या. त्या कानडीच्या निवृत्त शिक्षिका, आणि मराठी त्यांना आमच्याइतकेच येते. वीरगळाचा विषय निघाल्यावर त्यांनी सांगितले की, पूर्वी अशा मृत वीराच्या कुटुंबाला जमीन इनाम मिळत असे आणि तिला कानडीत ‘नेत्तरु कोडगे’, म्हणजे रक्ताचे दान, असे म्हणत. पुढे त्यांनीच मुधोळच्या रन्नाच्या दहाव्या शतकातल्या ‘गदायुद्ध’ या काव्याची आठवण करून दिली. त्यात सर्वस्व गमावलेला दुर्योधन रणांगणातून चालत जातो आणि शत्रूचा मुलगा असलेल्या अभिमन्यूच्या प्रेतापाशी थांबून त्याच्या शौर्याची मनापासून थोरवी गातो. मी जन्मापासून या जिल्ह्यात राहते, महाभारत शिकवते, आणि बेळगावहून शंभर-दीडशे किलोमीटरच्या आतल्या या कवीचे नाव मला होमरच्या वर्गात बसल्यावर कळले, याची मला मनापासून खंत वाटते. अक्कांसारखी दोन-तीन माणसे प्रत्येक वर्गात असावीत, असा प्रयत्न सरांनी जाणीवपूर्वक करावा.

आता उणिवा. पहिली अडचण प्रतीची. अनुवादाच्या छायाप्रती ज्या झेरॉक्सच्या दुकानातून काढल्या, तिथे अकराव्या सर्गाची सहा पाने सगळ्या प्रतींत उलटसुलट लागली होती आणि दोन पाने नव्हतीच. सरांनी पुढच्या आठवड्यात ती दिली, पण तो रविवार पाने शोधण्यात गेला. दुसरी अडचण जागेची. माडीवर पत्रे आहेत आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की वाचणाऱ्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. खानापूरच्या पावसात वाढलेल्या मला पत्र्याच्या आवाजाची सवय आहे, पण वयस्कर मंडळींची फार ओढाताण झाली.

या दोन्ही गोष्टी सहज सुधारता येतील. माझी खरी तक्रार आशयाची आहे आणि ती मी सरांना समोरही सांगितली आहे. बारावा आणि तेरावा सर्ग एकाच रविवारी उरकून सरांनी एक रविवार ट्रॉयची जागा मानल्या जाणाऱ्या हिसारलिकच्या उत्खननासाठी मोकळा केला. ती माहिती उपयुक्त होती, यात शंका नाही. तुर्कस्तानातल्या त्या टेकडीकडे फ्रँक कॅल्व्हर्टने आधीच लक्ष वेधले होते, हाइनरिख श्लीमानने १८७० पासून तिथे खोदले, १८७३ मध्ये मिळालेल्या सोन्याला त्याने ‘प्रायमचा खजिना’ (प्रायम म्हणजे इलियडमधला ट्रॉयचा राजा) म्हटले, आणि ते सोने प्रत्यक्षात युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून हजार वर्षांहून अधिक जुन्या थराचे निघाले. त्याच्या रुंद चराने वरचे थर मात्र कायमचे नष्ट झाले. ते सोने दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनहून रशियात गेले आणि आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती राज्याच्या लेखांमधले ‘विलुसा’ हे नगर म्हणजेच ट्रॉय, असे बहुतेक अभ्यासक आज मानतात. हे सगळे पंधरा मिनिटांत सांगता आले असते किंवा दोन पानांत लिहून देता आले असते. भिंतीवर दाखवलेली चित्रे दिवसाच्या उजेडात कोणालाच नीट दिसली नाहीत, आणि त्यासाठी बाराव्या सर्गातले सार्पेडॉनचे ते भाषण घाईत गेले, ज्यात तो आपला सोबती ग्लॉकस याला विचारतो की, आपल्याला पंक्तीत मानाची जागा आणि उत्तम जमीन लोक कशासाठी देतात, आणि म्हणून आपण सगळ्यांच्या पुढे उभे राहायला नको का. अक्कांनी सांगितलेल्या ‘नेत्तरु कोडगे’शी त्या भाषणाचा सरळ संबंध होता, आणि तो जोडायची संधी हुकली.

त्याहून अधिक खटकले ते एकोणिसाव्या सर्गात. अकिलीस आणि अगामेम्नॉन यांचा समेट होतो आणि ब्रिसेइसला परत आणले जाते. जिच्यावरून हा सगळा कलह झाला, ती इथे पहिल्यांदा आणि शेवटचे बोलते. तिच्या नवऱ्याला अकिलीसने मारले, तिचे तीन भाऊ त्याच दिवशी मारले गेले, आणि तिला रडू न देता धीर देणारा एकटा पॅट्रोक्लस होता. आता तोच तिच्यासमोर मरून पडला आहे. तिच्याबरोबर इतर बंदिवान स्त्रियाही रडतात. पॅट्रोक्लसचे निमित्त करून प्रत्येक जण आपापल्या दुःखाला रडते, असे होमर म्हणतो. मयताच्या घरी जमलेल्या बायका कशा रडतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही ओळ किती खरी आहे हे सांगावे लागत नाही. शेजारची म्हातारी मोठ्याने हंबरडा फोडते तेव्हा ती समोरच्या मयतासाठी जेवढी रडते तेवढीच वीस वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या लेकासाठीही रडत असते. या वीस ओळी वर्गात वाचल्या गेल्या, पण त्यांच्यावर चर्चा झाली नाही, कारण वेळ समेटाच्या भाषणांवर संपला होता. वर्गात आम्ही सात बायका होतो. आमच्यापैकी कोणालाही विचारले असते तरी बोलण्यासारखे पुष्कळ होते.

बाविसावा सर्ग सरांनी स्वतः वाचला आणि फार संथ वाचला. पॅट्रोक्लसला मारल्याचा सूड म्हणून अकिलीस हेक्टरचा पाठलाग करतो. ते शहराला तीन वेढे घालतात. धावता धावता ते दोन झऱ्यांपाशी येतात, एक गरम पाण्याचा, एक थंड पाण्याचा. तिथे दगडी डोण्या आहेत, ज्यांत ट्रॉयच्या लेकीसुना शांततेच्या काळात, ग्रीक येण्यापूर्वी, कपडे धूत असत. मृत्यू मागे लागलेला असताना कवीला धुण्याचे दगड आठवतात. मलप्रभेच्या काठी आमच्याकडेही धुण्याचे दगड आहेत, काहींना मधोमध खळगा पडला आहे, आणि हे वाचताना मला त्या खळग्यांत साचलेले साबणाचे पाणी दिसले. त्याच वेळी घरात अँड्रोमकी, काही ठाऊक नसल्यामुळे, नवरा लढाईहून आल्यावर त्याला आंघोळीला गरम पाणी हवे म्हणून दासींना मोठे भांडे विस्तवावर ठेवायला सांगत असते.

शेवटच्या सर्गाला मात्र वर्गाने पूर्ण न्याय दिला. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम खेचरांच्या गाडीत खंडणी घालून रात्री शत्रूच्या छावणीत जातो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली मुले मारली त्यांचे चुंबन घेतो. तुझ्या बापाची आठवण कर, तोही माझ्याच वयाचा आहे, एवढेच तो मागतो. दोघेही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी तर कधी पॅट्रोक्लससाठी. मग अकिलीस हेक्टरचे शव बापाच्या दृष्टीआड धुवून घेतो, स्वतः उचलून तिरडीवर ठेवतो, आणि म्हाताऱ्याला आग्रहाने जेवायला बसवतो. अंत्यविधीला किती दिवस हवेत, असे तो विचारतो. प्रायम सांगतो : नऊ दिवस घरात शोक, दहाव्या दिवशी दहन आणि भोजन, अकराव्या दिवशी समाधी, आणि लढायचेच असेल तर बाराव्या दिवशी लढू. हे वाचल्याबरोबर वर्गात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले, कारण दहावे-अकरावे-बारावे हा हिशोब कोणालाच समजावून द्यावा लागत नव्हता. पुढे चिता द्राक्षमद्याने विझवतात, भाऊ आणि सोबती रडत रडत पांढऱ्या अस्थी वेचतात, मऊ जांभळ्या वस्त्रात गुंडाळून सोन्याच्या पेटीत ठेवतात. त्याआधी बायको अँड्रोमकी, आई हेकुबा आणि जिच्यामुळे युद्ध पेटले ती हेलेन या तिघींचे विलाप झालेले असतात, आणि हेक्टरच्या अंत्यविधीवर काव्य थांबते. सुभेदारसाहेबांनी वर्ग संपल्यावर एवढेच विचारले की, शव परत देताना ज्याने मारले त्यानेच स्वतःच्या हाताने ते उचलले, असे मूळ ग्रीकमध्येही आहे का. आहे, असे सरांनी सांगितले आणि त्या ओळीवर बोट ठेवून ती ग्रीकमध्ये वाचून दाखवली.

येत्या जूनपासून ‘ओडिसी’चा वर्ग सुरू होत आहे. तोही चोवीस सर्गांचा आणि चोवीस रविवारांचा असेल, शुल्क तेवढेच राहील, आणि मागणी असल्यास इलियडचा दुसरा वर्ग शनिवारी दुपारी घेतला जाईल, असे सरांनी सांगितले आहे. ग्रीक किंवा इंग्रजी येणे आवश्यक नाही. सरळ मराठी मोठ्याने वाचता आले की पुरे. खानापूर आणि निपाणीकडून येणाऱ्यांना पहिल्या बसने दहाच्या आत पोचता येते. प्रत हाती पडल्याबरोबर पानांचे आकडे तपासून घ्यावेत आणि पावसाळ्यातल्या रविवारी पुढच्या दोन रांगांतच जागा धरावी. मी ‘ओडिसी’साठी नाव दिले आहे, आणि अकराव्या सर्गासाठी, जिथे ओडिसियसला मृतांच्या लोकात त्याची आई भेटते, दोन रविवार ठेवावेत अशी विनंती सरांना आताच करून ठेवली आहे.